ओवीखाली कुणाचं नाव

लोकसाहित्यावरचं नवं पुस्तक हाती आलं की मी ते शेवटाकडून उघडते. प्रस्तावना नंतर, सिद्धान्ताची प्रकरणंही नंतर. आधी मला पाहायचं असतं, गाणाऱ्यांची यादी छापली आहे का. असली तर ती बहुधा बारीक टायपात, परिशिष्टात असते. बाईचं नाव, गाव, तालुका, क्वचित वय. मी ती सावकाश वाचते, गावांची नावं मोठ्यानं उच्चारते. ओळखीचा तालुका आला की थांबते आणि तिथली उन्हं, बाभळी, एसटीचा थांबा असं सगळं त्या नावामागं उभं राहू देते. मग पुस्तकाच्या सुरुवातीला जाते. यादी नसली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. पण ते वाचताना मला सारखं वाटत राहतं, की आत माजघरात पुष्कळ बायका बोलताहेत आणि त्या काय म्हणतात ते उंबऱ्यावर उभं राहून एकच माणूस मला सांगतो आहे.

हे वेड मला जात्यावरच्या ओव्यांनी लावलं.

पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८०च्या दशकात हे काम हाती घेतलं. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, १९७०च्या दशकात इथं आले आणि २००४ साली त्यांचं निधन झालं तोवर इथलेच होऊन राहिले. मुळात ते गाणी गोळा करायला निघालेच नव्हते. मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम चाललं होतं. बायका एकत्र बसायच्या, आपापल्या घरचं, रानातलं, पाण्याचं, मारहाणीचं बोलायच्या. बोलता बोलता एखादी ओवी म्हणायची, आणि जे सांगायला तिला अर्धा तास लागला असता ते दोन ओळींत सांगून व्हायचं. मग त्या संघटनेतल्याच बायका गावोगाव जाऊन इतर बायकांकडून ओव्या घेऊ लागल्या. विचारणारी आणि सांगणारी दोघींचे हात सारखेच खरखरीत होते, हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. पुढं १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेक जणींचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. आज या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. हजाराहून अधिक गावं आणि तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. तिथं प्रत्येक ओवीशी बाईचं नाव आणि तिचं गाव जोडलेलं आहे.

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज मी असाच ऐकला. वनवासातल्या सीतेचं दुःख त्या गातात. सीतेवरच्या ओव्या मी आधी कितीतरी पुस्तकांत वाचल्या होत्या, पण ताडकळस हे गाव कळल्यावर सीतेचं अरण्य मराठवाड्यात आलं. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या आहेत. त्यांत विठ्ठलाच्या, रामाच्या ओवीचाच छंद आहे, तीच चाल आहे, आणि जिथं देव बसायचा तिथं आता शिकलेला, कायदा लिहिणारा आपला माणूस बसला आहे. वस्तीचं नाव काढून घेतलं तर ही ओवी 'बदलत्या लोकगीतांचं एक उदाहरण' एवढीच उरेल. नाव ठेवलं, की कुणी बदललं आणि कुठं उभं राहून बदललं, हे दिसतं.

याआधीच्या पिढ्यांनी जे संग्रह केले त्यांचं ऋण फार मोठं आहे. साने गुरुजींनी 'स्त्री-जीवन'मध्ये ओव्या जमवल्या. त्यासाठी आयाबहिणींपुढं बसून ऐकणारा पुरुष त्या काळात किती विरळा असेल! सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून गाणी, कथा, उखाणे, सणवार यांचे खंडामागून खंड काढले. दुर्गाबाई भागवतांच्या १९५६ सालच्या 'लोकसाहित्याची रूपरेषा' या पुस्तकानं अशा गोळा केलेल्या सामग्रीकडं कसं पाहायचं ते मराठीत शिकवलं. या माणसांनी त्या वेळी कागद पुढं ओढला नसता तर आज माझ्याकडं वाचायला काहीच नसतं.

तरी त्या काळच्या बहुतेक संग्रहांची रचना पाहिली की मन अडतं. माहेर, सासर, भाऊबहीण, बाळराजा, पंढरी, सोयरेधायरे असे विभाग पाडलेले असतात. एका विषयाच्या ओव्या एकाखाली एक, छान ओळीनं लावलेल्या. एकीनं म्हटलेली, तिच्याखाली दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुसरीनं म्हटलेली, आणि मधे फक्त कोरी जागा. वाचणाऱ्याला वाटतं, एकच कुणी 'मराठी स्त्री' हे सगळं गाते आहे. अशी बाई कधीच नव्हती. पहाटे उठून जात्यापाशी बसली ती एखाद्या घरातली थोरली सून होती. तिच्यासमोर खुंट्याला दुसरा हात घालून तिची जाऊ बसली होती, आणि उजाडायच्या आत दोघींना घरादाराचं दळण संपवायचं होतं. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं मुठीमुठीनं वैरण घालायची, आणि जात्याच्या फेऱ्यावर श्वास बेतून ओवी म्हणायची. एकीची संपली की समोरची उचलायची. त्या दोघींपैकी कुणाची कोणती, हे त्यांना चांगलं ठाऊक असायचं.

गिरणी आली आणि ते हात सुटले. याबद्दल हळहळ करायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांनी दळलं त्यांच्यापैकी कुणालाही, जातं पुन्हा मांडू या का, असं विचारून पाहावं. लग्नात हळद दळायला, घाणा भरायला जातं अजून निघतं. खुंट्याला हळकुंड बांधतात, पाच जणी हात लावतात, एखाददुसरी ओवी होते आणि फोटो निघतात. दळण मात्र संपलं ते बरं झालं. गाणं त्या कष्टाला इतकं घट्ट चिकटलं होतं की कष्ट जाताना तेही गेलं, एवढीच त्यातली अडचण.

ओवीच्या पोटात नावांची तर रेलचेल असते. पहिली ओवी देवाला. मग आईबाप, मग भाऊ. भावाचं नाव यायलाच हवं, आणि त्यासाठी ओवीत जागाच राखलेली असते. तीच ओवी शेजारच्या गावात गेली की ती बाई तिथं आपल्या भावाचं नाव बसवते. लेकाचं नाव येतं, बैलाचं येतं, गावचा पाटील येतो, वेशीवरचा मारुती येतो, पंढरीच्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं ओळीनं येतात. स्वतःचं नाव घालायला जागा नसते. लग्नाच्या पंगतीत बाईला 'नाव घे' म्हणून आग्रह करतात तो उखाण्यासाठी, आणि तिथंही घ्यायचं ते नवऱ्याचंच. मीही घेतलं आहे, हौसेनं घेतलं आहे. पण पुढं हे संग्रह वाचताना कळलं, की नाव घेण्याचा एवढा सोहळा करणाऱ्या या भाषेत बाईनं स्वतःचं नाव गाण्यात घ्यायची सोय फार कमी ठिकाणी आहे.

एक सोय मात्र जुनी आणि भक्कम आहे, आणि ती त्याच जात्यापाशी आहे. गंगाखेडची जनाबाई, नामदेवांच्या घरची दासी. ती दळत होती, आणि विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागला अशी कथा आहे. तिचं गाणं अभंगात होतं आणि अभंगाच्या शेवटी कवीनं आपली मुद्रा ठेवायची रीत होती. तिनं ती ठेवली. तेवढ्या एका रीतीमुळं जनी साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ आपल्याला नावानं ओळखीची आहे. गंगाखेड आणि ताडकळस दोन्ही परभणी जिल्ह्यातली गावं. एकीला छंदानं नाव दिलं, दुसरीचं नाव कळायला ध्वनिमुद्रण यावं लागलं.

क्रिश्चन ली नोव्हेत्स्की यांचं नामदेवांवरचं पुस्तक २००८ साली आलं. ते वाचताना या मुद्रेविषयीच्या माझ्या समजुतीला चांगलाच धक्का बसला. मुद्रा म्हणजे मालकीचा शिक्का असं मी धरून चालले होते. नोव्हेत्स्की कीर्तनकारांच्या बाडांकडं नेतात. बाड म्हणजे कीर्तनाला हाताशी ठेवायची हस्तलिखित वही. नामदेवांच्या नावावर पुढच्या शतकांत इतरांनीही रचना केल्या. ती फसवणूक नव्हती. गाणारा त्या नावात उभा राहून गात होता, आणि ते नाव कागदापेक्षा कीर्तनातून, माणसांच्या आठवणीतून चालत आलं. म्हणजे एका नावात पुष्कळ माणसं राहू शकतात. हे पटल्यावर मला उलटी बाजूही नीट दिसली. ओवीत पुष्कळ माणसं राहतात आणि नाव एकाचंही नसतं. नामदेवांच्या नावाखाली जे दडले ते निदान नामदेव तरी झाले.

खानदेशातली बहिणाबाई चौधरी या दोन टोकांच्या मधे उभी आहे. १८८० साली असोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली, शेतात आणि जात्यावर गाणारी बाई. तिच्या आसपास अशा कितीतरी जणी गात असणार. फरक एवढाच की तिचा मुलगा सोपानदेव कवी होता. त्यानं आणि घरातल्या आणखी एका मुलानं तिची गाणी उतरवून घेतली. १९५१ साली ती गेली, मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. ती कवयित्री झाली. तिची प्रतिभा अस्सल होती यात मला तिळमात्र शंका नाही. पण तीच वही एखाद्या संग्राहकाच्या हाती पडली असती तर त्याच ओळी 'शेतीविषयक', 'सासर-माहेर', 'तत्त्वपर' अशा विभागांत वाटल्या गेल्या असत्या आणि आपण त्यांना खानदेशी लोकगीतं म्हटलं असतं. लोकगीत आणि कविता यांच्यामधली ही भिंत आपण ठाम समजतो. पुष्कळदा ती एका लिहित्या मुलाएवढीच जाड असते.

पुरुषांची ओवी वेगळी. माणदेशात, जत-आटपाडीकडं धनगरांची ओवी रात्री, ढोलावर, देवाच्या बनात होते. बिरोबाची, धुळोबाची कथा रात्रभर चालते. काही भाग गातात, मग तोच भाग बोलून उलगडतात, पुन्हा गातात. सांगलीकडच्या आरेवाडीच्या बनात बसून ती ऐकणाऱ्याला तिची लांबी जाणवत नाही, कारण ऐकताना माणसं विडी ओढतात, लेकरं झोपतात, कुणी उठून देवाला भंडारा वाहून येतं. हे सगळं पुस्तकात कसं यावं?

ज्यांनी ते आणायची उमेद धरली त्यांत हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर हे नाव पहिलं. हिंदू कायद्याचा हा जर्मन अभ्यासक धनगरांच्या मागं चालू लागला, त्यांच्या वाड्यांवर बसला, टेपांवर ओव्या उतरवत राहिला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ सालचं. अॅन फेल्डहाउस यांनी ते १९८९ साली इंग्रजीत आणलं. १९९२ साली सोंथायमर गेले, अवघे अठ्ठावन्न वर्षांचे. मागं राहिलेल्या धनगरी ओव्यांवर फेल्डहाउस मराठी सहकाऱ्यांसोबत काम करत राहिल्या, आणि २०१४ साली बिरोबा आणि धुळोबाच्या कथांचा मोठा अनुवाद निघाला. सूर्याला उगवू नकोस आणि चंद्राला मावळू नकोस असं सांगा, अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. दोन प्रदीर्घ कथा, आणि त्यांत सुरवंती, तिचं लेकरू, वारुळं, मेंढरं, शाप, हट्ट.

हे पुस्तक मी अडखळत वाचलं. पुनरुक्ती फार आहे असं आधी वाटलं. मग ती मोठ्यानं वाचून पाहिली आणि ढोलाची जागा सापडली. जिथं ओळ परत येते तिथं गाणारा श्वास घेतो, झिलकरी उचलतात, ऐकणारा मान हलवतो. कसलेल्या अनुवादकानं ती ओळ एकदाच ठेवून मोकळं होणं सोपं होतं. ती तशीच राहू दिली, यात गाणाऱ्याबद्दलचा आदर आहे. फेल्डहाउस यांनी शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश केला, महानुभावांच्या ग्रंथांवर काम केलं, महाराष्ट्रातल्या नद्यांविषयी 'वॉटर अँड वुमनहुड' हे सुंदर पुस्तक १९९५ साली लिहिलं. एक माणूस एका भाषेसाठी आयुष्याचं एवढं देतं तेव्हा त्याचं ऐकणं आपोआप खोल होत जातं. मला एवढंच तीव्रतेनं वाटतं, की या कथांचे मूळ मराठी बोल जत, आटपाडी, माण इथल्या शाळांच्या कपाटात असायला हवेत. त्या बोलीत बोलणाऱ्या मुलाला आपल्या आजोबाची कथा परभाषेच्या वाटेनं भेटू नये.

फेल्डहाउस यांनीच रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' २०११ साली इंग्रजीत नेलं. मूळ मराठी पुस्तक १९८४ सालचं. आंदर मावळातल्या निगड्याचा, दारिद्र्यात वाढलेला हा माणूस विठ्ठलाचं मूळ शोधताना स्थलमाहात्म्याची पोथी, शिलालेख आणि धनगराची तोंडी कथा एकाच चौरंगावर ठेवतो. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरदेव एकाच देवळात आहेत, जत्रेत भंडाऱ्यानं सगळं रान पिवळं होतं. ढेऱ्यांच्या लेखी ती पिवळी माती हाही पुरावा. पंढरीचा देव पशुपालकांतून आला या त्यांच्या मताशी कुणी वाद घालू शकेल. मला त्या पुस्तकात भावतं ते असं, की जो अडाणी म्हणून बाजूला बसवला होता त्याची साक्ष संस्कृत पोथीच्या बरोबरीनं घेतली गेली. आणि साक्ष घ्यायची म्हटली की साक्षीदाराचं नाव लिहावंच लागतं.

इथवर मी नावाच्या बाजूनं बोलते आहे. आता माझ्या आत्याचं सांगते, कारण तिच्यापुढं बसल्यावर हे इतकं सरळ राहिलं नाही.

आत्याचं माहेर माण तालुक्यात, म्हणजे आमचंच घर; दिलेली खटावात. लहानपणी ती दिवाळीला आली की जात्याचं काम नसतानाही ओव्या म्हणायची. त्यांत माझ्या वडलांचं नाव यायचं, कारण तिचा भाऊ तेच. घरात ज्या माणसाला आम्ही घाबरून असायचो तो तिच्या ओवीत घोड्यावर बसून बहिणीला न्यायला यायचा. ते ऐकताना वडील वर बघायचे नाहीत, सुपारी कातरत राहायचे.

मोठी झाल्यावर मी वही घेऊन तिच्याकडं जाऊ लागले. सीता झाली, पंढरी झाली, भाऊ झाला. मग एका दुपारी तिनं सासूच्या ओव्या सांगितल्या, उपाशी ठेवल्याच्या, माहेरी न धाडल्याच्या. एक तर अशी होती की माझा हात थांबला. लिहून झाल्यावर मी खाली तिचं नाव घालायला गेले तर तिनं पेन धरलं.

"माझं नाव कशापायी?"

"आत्या, ओवी तुझी आहे. लोकांना कळायला नको?"

"सासू गेली, तिच्या लेकी हायत्या की. वाचत्यात त्या. माझ्या लेकालाबी ठावं न्हाय ह्यातलं काय. ओवी लिव्ह. नाव नको."

मी नाव लिहिलं नाही. घरी आल्यावर जुने संग्रह पुन्हा काढले आणि ती कोरी जागा वेगळ्या नजरेनं पाहिली. संग्राहकाला नाव लिहावंसं वाटलं नाही म्हणून काही ठिकाणी ते नसेल. पण काही ठिकाणी बाईनंच पेन धरलं असेल. जात्याची घरघर होती तोवर सासूला पुरतं ऐकू जात नव्हतं, समोर जाऊ होती आणि तीही त्याच घरात पोळलेली. त्या पहाटेच्या अंधाराच्या भरवशावर जे म्हटलं गेलं ते नावासकट छापणं म्हणजे तिला चावडीवर उभं करणं झालं असतं. निनावीपणात अन्याय होता, आणि आसराही होता. आजच्या अभ्यासकानं कोणत्या ओवीखाली नाव लिहायचं हे विद्यापीठात बसून ठरवता येणार नाही. ते त्या त्या बाईला, त्या त्या ओवीपाशी थांबून विचारावं लागेल. मुळशीतल्या बायका बायकांकडं गेल्या त्यामागचं शहाणपण मला तेव्हा नीट कळलं. विचारणारी आपल्यातली असली की नको म्हणणं सोपं जातं.

मालकीचा प्रश्न तिनं आणखी निराळ्या तऱ्हेनं सोडवला. भावाच्या ओव्या तिच्या म्हणून मी लिहायला लागले तर म्हणाली, "ही माझी न्हाय, आयची हाय. आयला कुणी दिली, ठावं न्हाय." मग पुढच्या प्रत्येक ओवीला ती ठिकाण सांगत गेली. ही आयची, ही थोरल्या चुलतीची, ही वारीत एका म्हातारीकडनं घेतलेली, ही मात्र माझी. "माझी" म्हणताना तिचा स्वर थोडा खाली आला, आणि अशा ओव्या फार नव्हत्या. एवढा काटेकोर हिशेब मी भल्याभल्या ग्रंथांच्या तळटीपांत पाहिला नाही. ज्यांच्याविषयी आपण 'लोकमानस सामूहिक असतं' असं लिहून मोकळे होतो, त्यांना आपण काय कुणाकडून घेतलं हे पक्कं माहीत असतं. विचारलं की सांगतात. तेव्हापासून मी ओवीखाली नाव लिहिते ते साक्ष म्हणून लिहिते. ती हिनं सांगितली आणि तिला ती हिच्याकडून मिळाली, एवढंच. माझ्या वहीत एका ओवीखाली कधी कधी तीन नावं असतात.

आणि तरी नाव कोणतं, हे उरतंच. लग्नात आत्याचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून खटावात ती त्याच नावाची आहे, रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच. माहेरचं नाव आमच्या पिढीतल्या कुणाला धड माहीतही नव्हतं. मी विचारलं, कुठलं लिहू? ती बराच वेळ बोलली नाही. तिला वाईट वाटलं म्हणून नव्हे, ती खरोखर विचार करत होती. मग तिनं वाटणी केली. आईकडनं आलेल्या, माणातल्या ओव्या माहेरच्या नावावर. सासरी आल्यावर जावेसमोर बसून दळता दळता शिकलेल्या, खटावातल्या ओव्या सासरच्या नावावर. सासूच्या त्या ओव्या बिननावाच्या. स्वतः रचलेल्यांपैकी दोन माहेरच्या नावावर ठेवल्या, कारण त्या लग्न ठरल्यावर पण निघायच्या आधी सुचलेल्या.

त्यामुळं वहीत ती दोन बाया झाली आहे. उद्या कुणी मोजायला बसलं तर एक माणातली आणि एक खटावातली अशी नोंद करेल, आणि तिसरी निनावी. या दोघी एकच आहेत अशी टीप घालू का, हे मी तिला विचारलं आहे. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही, आणि तोवर इथंही मी तिला फक्त आत्या म्हणणार. दिवाळीनंतर खटावला जाईन तेव्हा पुन्हा विचारीन. त्याच वेळी जावेकडंही बसायचं आहे. तिची दृष्टी गेली आहे, पण ओव्या शाबूत आहेत, आणि आत्या म्हणते की सासूच्या ओव्यांतल्या निम्म्या तिच्याच आहेत.